एकशे बारावी चिठ्ठी

वसंतरावांनी जाळीच्या दारातून दोन चिठ्ठ्या आत सरकवल्या आणि प्राचीने त्या तशाच बाहेर सरकवल्या.

"अंकल, व्हॉट्सॲपवर टाका ना. कागद कुठे ठेवू मी?"

"हातातच द्यायच्या असतात," वसंतराव म्हणाले. "आणि या वेळी केंद्र बदललंय. आपल्या जवळच्या शाळेची दुरुस्ती चाललीय. स्टेशनच्या पलीकडच्या शाळेत जायचं. खोली नंबर चार. सगळं यावर छापलंय."

"शनिवारी ना? आम्ही पाँडीला फिरायला चाललोय."

"कोण आहे गं?" आतून तिच्या नवऱ्याने, कौशिकने विचारलं.

"इलेक्शनवाले अंकल."

"सांग, आमची नावं पुण्यात आहेत."

प्राची हसली. ते हसू लपवावं असं तिला वाटलं नाही. वसंतरावांनी यादीवर बोट ठेवलं. चौतीस आणि पस्तीस क्रमांकावर दोघांचीही नावं तिथे होती, वयासकट.

"गेल्या वेळी आपल्या वॉर्डाचा निकाल तेवीस मतांनी लागला होता," ते म्हणाले.

"मग आमच्या दोन मतांनी काय होणार?"

या प्रश्नाचं उत्तर त्यांनी सकाळी आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं होतं. आता ते आठवेना. शेवटी प्राचीनेच चिमटीत धरून चिठ्ठ्या घेतल्या आणि दार लावलं.

वेलचेरी या तमिळ उपनगरातल्या त्या इमारतीत एकशे बारा मतदार होते. मागच्या खेपेला त्यांतले अडतीसच बाहेर पडले होते. नगरसेवक वारले म्हणून आता पोटनिवडणूक लागली होती. चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन आली ती सौम्या. ती कॉर्पोरेशनच्या शाळेत शिक्षिका होती आणि या भागातल्या मतदारयादीचं काम तिच्याकडे होतं. तिचं घराणं तंजावरच्या मराठ्यांचं. वसंतरावांच्या हातातलं मराठी पुस्तक पाहून ती पहिल्याच दिवशी थबकली होती आणि तिच्या जुन्या, तमिळ हेलाच्या मराठीत बोलू लागली होती.

"मामा, नाल्याकडेच्या झोपड्यांतून शंभरांत नव्वद येतात. तुमच्या ह्या मोठ्या घरांतून चाळीसही नाहीं. मज एकटीस होत नाहीं. तुम्ही कराल का?"

वसंतराव हो म्हणाले. नाही म्हणणं त्यांना कधीच जमलेलं नव्हतं.

"अस्क्यांच्या, एकूणएकाच्या, हातींच द्यायच्या. पेटींत टाकायच्या नाहींत. आणि मत कुणास द्या, हें एक शब्द बोलायचं नाहीं."

तेही त्यांनी कबूल केलं. पण मनात एक नाव होतंच. इमारतीच्या कडेने जाणाऱ्या नाल्यावर बारा वर्षांपूर्वी स्लॅब टाकून अकरा गाड्यांची सोय केली होती. तेव्हापासून दर डिसेंबरात पाणी तळमजल्यात शिरायचं, म्हणजे वसंतरावांच्या घरात. विशालाक्षी नावाच्या निवृत्त मुख्याध्यापिका अपक्ष उभ्या होत्या. नाल्यावरचे सगळे स्लॅब काढायला लावीन, असं त्या सांगत होत्या. त्यांच्या विरोधात उभे असलेले वेंकटरमण एकाही स्लॅबला हात लागू देणार नव्हते. आणि पुण्याहून मुलाने, अनयने फोनवर सांगून टाकलं होतं, "बाबा, या डिसेंबरात पाणी आलं तर घर विकायचं. आईचे गुडघे बघा. मी आता ऐकणार नाही." सरोजिनीबाईंनी, त्याच्या आईने, फोन ठेवून दिला होता. एकतीस वर्षं त्या घरात गेली होती. पुण्यात मुलाशिवाय त्यांचं म्हणावं असं कुणी नव्हतं.

चिठ्ठ्या वाटताना दारं उघडत होती आणि बंद होत होती. एकाने विचारलं, याचे तुम्हाला काय मिळतात? एकीने कुत्र्याला आवरलं नाही. दुसऱ्या मजल्यावरचा एक जण म्हणाला, "सार, कोणीही येऊ दे, पाणी यायचं ते येणारच. तुम्हीच वरचा मजला घ्या ना." वसंतराव प्रत्येक वेळी "बरं" म्हणून यादीवर खूण करत होते. दोन दिवसांत एकशे अकरा खुणा झाल्या.

राहिलेलं दार तिसऱ्या मजल्याच्या टोकाला होतं.

दिनकरराव आवडी गावच्या रणगाडा कारखान्यातून तपासनीस म्हणून निवृत्त झाले होते. बायको गेल्यापासून ते एकटेच राहत. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी सहा इंची पोलादी पट्टी असे, आणि ती काढून टेबलावर आपटल्याशिवाय त्यांचं बोलणं सुरू होत नसे. स्लॅब टाकला तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी तेच होते. कोणत्याही पक्षाच्या माणसाला फाटकाच्या आत घ्यायचं नाही, हा नियमही त्यांचाच.

जानेवारीतल्या मीटिंगमध्ये वसंतराव आयुष्यात पहिल्यांदा उभे राहून बोलले होते. चौदा इंच पाणी आलं, असं त्यांनी सांगितलं. दिनकरराव उठले, काठी टेकत थेट वसंतरावांच्या घरात गेले. मागून सगळी मीटिंग गेली. दिवाणखान्याच्या भिंतीवरच्या तपकिरी रेघेसमोर ते कष्टाने गुडघ्यावर बसले आणि त्यांनी पट्टी लावली, एकदा, मग तिच्यावर दुसऱ्यांदा.

"सव्वाअकरा," ते म्हणाले. "चौदा नाही. ज्याला इंच मोजता येत नाही, त्याच्या सांगण्यावरून आपण स्लॅब फोडायचा का, मंडळी?"

लोक हसले होते. दिनकरराव उठताना आणखी एक बोलले, "स्वस्तात तळमजला घेतला तेव्हा पुस्तकात डोकं होतं वाटतं."

त्यानंतर दोघं जिन्यात समोरासमोर आले, तर वसंतरावच मागे फिरत. आपण खरंच चुकीचं मोजलं असेल का, हा विचार त्यांना रात्रंदिवस छळत असे. पण ती रेघ पुन्हा मोजायचा धीर त्यांना झाला नव्हता.

बुधवारी दुपारी त्यांनी त्या दाराची बेल वाजवली. आत काठीचा आवाज आला. तो दारापर्यंत आला आणि थांबला. वसंतरावांना पलीकडे कुणी उभं असल्याचं जाणवलं. दार उघडलं नाही. त्यांनी बेलकडे पुन्हा बोट नेलं आणि मागे घेतलं. काखेतल्या पिशवीतून त्यांनी पुस्तक काढलं. नद्यांवरचं जुनं प्रवासवर्णन होतं ते. डिसेंबरात खालच्या फळीवर भिजलं होतं, दोरीवर वाळवलं होतं. सत्त्याऐंशीव्या पानापर्यंत वाचता येत होतं. त्यापुढची पानं एकमेकांना चिकटून वीट झाली होती. वसंतरावांनी चिठ्ठी सत्त्याऐंशीव्या पानात ठेवली. संध्याकाळी परत येऊ, असं ते स्वतःला म्हणाले. जिना उतरताना त्यांना हलकं वाटलं.

संध्याकाळी ते गेले नाहीत. गुरुवारीही गेले नाहीत. शुक्रवारी सौम्या वही घेऊन आली.

"अस्क्या पोंचल्या, मामा?"

वसंतरावांनी चष्मा पुसला. "पोचल्या."

"मग इकडे सही करा."

त्यांनी सही केली. बँकेत चौतीस वर्षं न तपासता त्यांनी एकही सही केली नव्हती.

शनिवारी सकाळी सातलाच वसंतराव आणि सरोजिनीबाईंनी मत देऊन घेतलं. मग वसंतराव फाटकाच्या आत टेबल मांडून यादी घेऊन बसले. कोण गेलं, कोण राहिलं, कुणाला केंद्र सापडत नाही, हे पाहायचं होतं. सरोजिनीबाई ताकाचे पेले भरून देत होत्या. साडेनऊला लिफ्टचं दार उघडलं. दिनकरराव बाहेर आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात पट्टी, हातात ओळखपत्र. टेबलाकडे न पाहता ते फाटकाबाहेर पडले आणि डावीकडे वळले.

स्टेशन उजवीकडे होतं.

"ते डावीकडे कुठे निघाले?" सरोजिनीबाईंनी विचारलं. "जुन्या शाळेत तर काही नाही."

"भाजीला जात असतील."

"इस्त्रीचा शर्ट घालून?"

वसंतरावांनी यादीतल्या एका नावावर उगाच रेघ मारली.

पाऊण तासाने दिनकरराव परतले. शर्ट पाठीला चिकटला होता. काठी धरलेल्या डाव्या हाताच्या बोटावर शाई नव्हती. टेबलाजवळ ते क्षणभर थांबल्यासारखे झाले, पण थांबले नाहीत. लिफ्ट वर गेली.

दुपारी वसंतरावांनी भात तसाच ठेवला. चार वाजेपर्यंत एकाहत्तर माणसं जाऊन आली होती. प्राची आणि कौशिकसुद्धा पाँडीला निघता निघता बोटं काळी करून गेले होते. "बघा अंकल, तुमच्यामुळे," असं ती म्हणाली, तेव्हा त्यांना तिच्याकडे बघवेना. बाहेर लोक म्हणत होते, या वेळी निकाल दहा मतांच्या आत जाईल. दहा मतांच्या आत. वसंतरावांनी पिशवीतलं पुस्तक चाचपलं. एक मत. सरोजिनीबाईंचं घर. आणि असंही काही नव्हतं की आपण त्यांना अडवलं. केंद्र बदलल्याचा फलक तर महिनाभर शाळेवर होता. हे सगळं त्यांनी स्वतःला नीट समजावलं. साडेचारला ते उठले आणि लिफ्टची वाट न पाहता जिना चढू लागले.

या वेळी बेल वाजताच दार उघडलं.

"काय?" दिनकरराव म्हणाले.

वसंतरावांनी पुस्तक उघडून चिठ्ठी पुढे केली. दिनकररावांनी ती घेतली, दूर धरून वाचली. स्वतःचं नाव त्यांनी दोनदा वाचलं असावं, कारण बराच वेळ गेला.

"म्हणजे नाव आहे."

"आहे की."

"मला वाटलं कापलं. मध्ये ते यादी तपासायचं सगळं झालं ना, फॉर्म-बिर्म. सगळ्यांना चिठ्ठ्या आल्या, मला नाही. शाळेत गेलो तर कुलूप. काहीतरी तमिळमध्ये लिहून लावलंय. चाळीस वर्षं झाली, मला त्यातलं अक्षर वाचता येत नाही." हे ते असे म्हणाले, जसा काही तो वसंतरावांचा दोष होता. "कुणाला विचारणार? खाली तुम्ही बसलेले."

"मी बुधवारी आलो होतो."

"माहीत आहे. मी दारामागेच होतो."

"मग उघडलं का नाही?"

"म्हटलं, नाव नाही हे सांगायला आलाय. तेवढं सुख तुम्हाला कशाला द्या."

दिनकररावांनी चिठ्ठीवरची घडी नखाने सरळ केली.

"बुधवारपासून कुठे होती ही?"

"पुस्तकात."

"विसरलात?"

हो म्हणणं सोपं होतं. वसंतरावांनी जिन्याच्या कठड्याला धरलं.

"नाही," ते म्हणाले.

दिनकररावांनी त्यांच्याकडे पाहिलं. जानेवारीत त्या रेघेकडे पाहिलं होतं तसंच. मग ते आत गेले, चपला घालून काठी घेऊन आले आणि त्यांनी दाराला कुलूप लावलं.

"मत वेंकटरमणला देणार आहे. आधीच सांगतो. मग म्हणू नका."

"सहापर्यंतच आहे," वसंतराव म्हणाले. "शेअर ऑटो मिळेल कोपऱ्यावर."

ऑटोत दोघांच्या मध्ये एक बाई फणस घेऊन बसली होती, त्यामुळे बोलावं लागलं नाही. स्टेशनच्या पलीकडे उतरून शाळेच्या फाटकापर्यंत चालायला दिनकररावांना वेळ लागला. वसंतरावांनी एकदा हात पुढे केला. दिनकररावांनी काठी त्या हाताच्या आणि स्वतःच्या मध्ये आणली.

फाटकाबाहेर सौम्या मदतीच्या टेबलाशी बसली होती. दिवसभराच्या उन्हाने तिचा चेहरा उतरला होता. तिने घड्याळ पाहिलं, मग चिठ्ठी, मग वसंतरावांना.

"इतकें उशिरां, मामा? ह्यांस चिठ्ठी पोंचली नव्हती का? तुम्ही तर अस्क्या दिल्या म्हणून सही केली."

शेजारी बसलेल्या अधिकाऱ्याने मान वर केली. त्याला भाषा कळत नव्हती, पण सूर कळला होता. वसंतरावांनी तोंड उघडलं.

"पोचली होती," दिनकरराव म्हणाले. "बुधवारी. मीच कुठेतरी ठेवून विसरलो. म्हातारा माणूस आहे मी."

सौम्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग तिने यादीत नाव शोधून खूण केली आणि म्हाताऱ्यांच्या रांगेकडे बोट दाखवलं.

वसंतराव चार पावलं बरोबर गेले. "दिनकरराव, ते तुम्ही—"

"उपकार नाही केलेला. तुमची चौकशी करत बसले असते, आणि माझे सहा वाजले असते." त्यांनी हात पुढे केला. "ते पुस्तक द्या इकडे. फोन आत नेऊ देत नाहीत म्हणे. रांगेत बसून करायचं काय?"

"सत्त्याऐंशीच्या पुढची पानं उघडत नाहीत."

"का?"

"डिसेंबर," वसंतराव म्हणाले.

दिनकररावांनी पुस्तक घेतलं आणि ते आत गेले.

वसंतराव रस्त्यापलीकडे, लोकांना थांबायची परवानगी होती तिथे, उभे राहिले. वरच्या पुलावरून दोनदा रेल्वे गेली. सहाला फाटक बंद झालं, पण आत रांगेत असलेल्यांना थांबवलं नव्हतं. आपण इथे का उभे आहोत, हे त्यांना नीटसं सांगता आलं नसतं. विशालाक्षींच्या टेबलावरची एक कार्यकर्ती त्यांना ओळखून म्हणाली, "सार, तुमच्या बिल्डिंगचे बहात्तर झाले. ग्रेट." ती मनापासून बोलत होती. त्यांनी मान हलवली आणि ते दुसरीकडे पाहू लागले.

साडेसहाला दिनकरराव बाहेर आले. डाव्या तर्जनीवर ओली शाई होती, ती शर्टाला लागू नये म्हणून त्यांनी हात अंगापासून दूर धरला होता. त्यांनी पुस्तक वसंतरावांच्या पिशवीत टाकलं.

परतीच्या ऑटोत गर्दी नव्हती.

"तुमचं नि माझं मत एकमेकांत फिटलं," दिनकरराव बाहेर पाहत म्हणाले. "दोघंही घरी बसलो असतो, तरी हिशेब तोच."

"हो."

"मग वर कशाला आलात?"

वसंतरावांनी विचार केला. अशा वेळी उपयोगी पडावीत अशी पुष्कळ वाक्यं त्यांनी आयुष्यभर वाचली होती.

"भात जाईना," ते म्हणाले.

दिनकररावांनी घशातून आवाज काढला. तो हसण्याचा होता की खाकरण्याचा, कळलं नाही. फाटकाशी उतरल्यावर ते स्लॅबवरून, गाड्यांच्या मधून, लिफ्टकडे गेले. लिफ्टचं दार धरून ते मागे वळले.

"पुढच्या रविवारी मीटिंग आहे. निकाल काही लागो, स्लॅबला मी हात लावू देणार नाही. लक्षात ठेवा."

"बरं," वसंतराव म्हणाले.

घरात सरोजिनीबाईंनी भात गरम केला होता. त्यांनी पानं घेतली, पाणी ठेवलं आणि मगच विचारलं.

"त्यांची चिठ्ठी तुमच्याकडे होती ना?"

"तुला कधी कळलं?"

"बुधवारीच. पुस्तक चाळलं होतं मी." त्यांनी आमटी वाढली. "म्हटलं, तुमचं तुम्ही बघाल."

वसंतरावांनी पिशवीतून पुस्तक काढून फळीवर ठेवलं. ते आधीसारखं बसेना. पानं मध्येच उचलली गेली होती. त्यांनी ते उघडलं. सत्त्याऐंशी. पान उलटलं. अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद. त्यांनी पुन्हा उलटलं. पान सुटं झालं होतं, पुढचंही, त्याच्या पुढचंही. कुठे फाटलं नव्हतं. कडेने पातळ काहीतरी सरकवत, अक्षराला धक्का न लावता, कुणीतरी सावकाश एकेक पान सोडवलं होतं. शेवटच्या सुट्या पानावर निळसर-काळ्या शाईचा पुसट ठसा होता. एकशे तीनपाशी ते काम थांबलं होतं आणि तिथे, पुढच्या विटेच्या तोंडाशी, सहा इंची पोलादी पट्टी अर्धी आत रुतलेली होती.

"विसरले वाटतं," सरोजिनीबाई वाकून पाहत म्हणाल्या. "जेवून वर देऊन या."

वसंतरावांनी पट्टी काढली. ती हातात त्यांना वाटली त्यापेक्षा जड होती. ते भिंतीशी गेले आणि एका हाताने खुर्ची धरून खाली बसले. जमिनीला टेकवून त्यांनी पट्टी उभी लावली, टोकाशी नखाने खूण केली, पट्टी वर सरकवली. चष्मा सारखा केला. पुन्हा पहिल्यापासून लावून पाहिलं.

"किती?" सरोजिनीबाईंनी मागून विचारलं.

तपकिरी रेघ पट्टीच्या टोकाच्या पाऊण इंच खाली होती.

"सव्वाअकरा," वसंतराव म्हणाले.